कपातली पाने आणि सावेचे वळण

तोपोल्ये, १२ जून १९८४

प्रिय नेवेना,

तुझ्या चार ओळींच्या पत्राचे उत्तर देण्याआधी तुला एक कोडे घालतो. चाळीस वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या माणसाची खोड आहे, सहन कर.

कपातला चहा चमच्याने ढवळला की तळाची पाने पाण्याबरोबर गरगर फिरू लागतात, हे तू पाहिले असशील. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते, हा नियम तुला पाठ आहे. जत्रेतल्या साखळ्यांच्या पाळण्यात बसून तू तो स्वतःच्या पोटाने शिकलीस. तुझा उजवा बूट शेजारच्या मिलुंकाच्या सरबताच्या पातेल्यात पडला होता. मग पानेही कपाच्या कडेला जाऊन चिकटायला हवीत. प्रत्यक्षात चमचा काढून घेतला की ती तळाच्या बरोबर मध्यभागी गोळा होतात, जणू कुणी त्यांना बोलावले आहे. असे का? विचार करा. घाई नाही.

आता तुझा प्रश्न. चार ऑगस्टला ग्राझहून ग्रीसच्या समुद्राकडे जाताना तुम्ही एक दिवस इथे थांबणार; ‘मामा, त्या गावात दिवसभर करण्यासारखं काही उरलंय का?’ असे तू विचारतेस. उरले आहे. मी सर्व मोजून ठेवले आहे.

महामार्ग सोडून सावा नदीच्या बांधावरून यावे. गाडी जुन्या जकातघरापाशी, चिनारांच्या सावलीत लावावी. तिथून नदीकाठच्या माझ्या बाकापर्यंत छत्तीस पावले. सकाळी नऊला चर्चची भिंत पाहावी, बाकापासून अठ्ठावीस पावले. तिच्यावर प्रत्येक महापुराची रेघ आणि साल कोरले आहे. सर्वांत वरच्या रेघेला तुझ्या दुन्याचा हात लागावा म्हणून तिच्या बापाने, ओझ्रेनने, तिला खांद्यावर घ्यावे. दहाला झार्कोचा तराफा. या पाऊणशे माणसांच्या तराफ्याला इंजिन नाही, हे दुन्याला आधी सांगू नये. तिला ते स्वतः शोधू द्यावे. नदीवर आडवा लोखंडी दोर आहे, तराफा त्याला तिरपा बांधलेला असतो आणि प्रवाहच त्याला बाजूने ढकलत पैलतीरी नेतो. झार्को सांगतो, “इंजिन आहे की! वर डोंगरात ठेवलंय. तेलही मागत नाही.” पैलतीरी पांढरी वाळू आहे, उथळ पाणी आहे, तिथे पोहावे. दीड वाजता परत येऊन मिलुंकाच्या अंगणात मासळीचा लाल रस्सा, घरच्या जाड शेवया घालून. शर्टावर रुमाल बांधूनच बसावे. अंगण बाकापासून चाळीस पावलांवर आहे.

मी बाकावर असेन. तुम्ही प्रत्येक गोष्ट पाहून माझ्याकडे यावे आणि काय पाहिले ते सांगावे. शिकलेले पक्के होण्याचा तोच मार्ग आहे.

दुन्याला पापा.
तुझा मामा
स्वेतोझार

•

ग्राझ, २४ जून १९८४

लाडक्या मामा,

तुझं वेळापत्रक आलं. ओझ्रेन म्हणाला, “लष्करात होतो तेच बरं होतं, तिथे निदान जेवायला रुमाल बांधायला लावत नव्हते.” दुन्या नऊ वर्षांची आहे, तिला शाळा आवडत नाही, पण तुझं पत्र तिने दोनदा वाचलं. तिचं उत्तर लिहिते: पानं जड असतात, म्हणून मध्ये जातात. मी म्हटलं, विचार करून सांग. तर म्हणाली, “मग ती आळशी असतात.” मी रोज कारखान्यात न्याहारीच्या सुट्टीत चहा ढवळताना बघते. खरंच मध्येच जमतात! शेजारच्या बाकावरची बाई विचारते, कपात काय शोधतेस.

पण मामा, या सगळ्यात तुझी होडी कुठे आहे?

मी सात वर्षांची असल्यापासून दर उन्हाळ्यात तू मला होडीतून पलीकडच्या वाळूवर नेलंस. आई गेल्यावर ज्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हते, त्या वर्षी तर रोज. “डावं वल्हं, डावं! नदीशी भांडू नकोस, तिला विचार!” असं ओरडायचास, अर्ध्या गावाला ऐकू जायचं. दुन्याला मी हे इतक्यांदा सांगितलंय की ती आंघोळीच्या टबात बसून ओरडते. आणि तू लिहितोस, तराफ्याने जा, मी बाकावर बसतो.

तेव्हा आता विचारूनच टाकते. मी देसांका मामीच्या अंत्यविधीला आले नाही, म्हणून आहे का हे? तार मला मिळाली होती. मिळाली नाही असं मी तेव्हा कळवलं, ते खोटं होतं. माझा पासपोर्ट इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीत अडकला होता, आणि ते तुला लिहायची लाज वाटली. कागदासाठी कुणी मामीला सोडतं का? चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही आले नाही. मग जितका उशीर होत गेला, तितकं येणं अवघड झालं. चार वर्षं आम्ही तुझ्या गावाचा फाटा ओलांडून सरळ समुद्राकडे जातो आणि मी दरवेळी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बघते.

तू मला होडीत घेणार नसशील तर तसं लिही. मी तरीही येईन. पण मला कळू दे.

तुझी
नेवेना

•

तोपोल्ये, ५ जुलै १९८४

प्रिय नेवेना,

तुझ्या पत्राचे दोन भाग करतो आणि क्रमाने उत्तर देतो.

पहिला भाग. तार तुला पोहोचली होती हे मला आणि मिलुंकाला त्याच आठवड्यात ठाऊक होते. पोस्टातून पोच आली होती. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. तुझी मामी शेवटच्या दिवसांत म्हणाली होती, “ती पोर आली नाही तर तिला रागावू नकोस हं, तिला आधीच रडायला वेळ मिळत नाही.” तुझी पोहण्याची निळी टोपी तिने कपाटात लॅव्हेंडरच्या पुरचुंडीबरोबर ठेवली होती. तिथेच आहे. एवढ्यावर हा भाग संपला असे समजावे आणि तो पुन्हा उघडू नये.

होडीचे म्हणशील तर तिला डांबर लावले आहे, ती वाळते आहे. दुसरे काही कारण नाही.

दुसरा भाग, म्हणजे दुन्याचे उत्तर. ते निम्मे बरोबर आहे, आणि निम्मे बरोबर असलेले उत्तर मला पूर्ण चुकलेल्यापेक्षा नेहमीच जास्त आवडले. पाने जड आहेत म्हणून ती तळाशी जातात. परंतु जडपणाने ती तळभर पसरून राहिली असती. मध्ये आणणारे कुणी दुसरे आहे. तो दुसरा शोधू.

फिरणारे पाणी कडेला चढते आणि मध्ये खोलगट होते. कडेला पाण्याची उंची जास्त, म्हणून तिथला दाबही जास्त. हा दाब पाण्याला आत ढकलतो. वर पाणी जोरात फिरत असते, ते बाहेर जाऊ पाहते, आणि दोघांची बरोबरी होते. पण तळाशी काय होते? तिथे पाणी कपाला घासते. घासले की मंदावते. मंदावले की बाहेर जाण्याची त्याची ओढ कमी होते, आत ढकलणारा दाब मात्र तेवढाच राहतो. म्हणून तळाचे पाणी हळूच आत सरकते आणि पानांना घेऊन येते. मध्ये पोहोचल्यावर पाणी वर चढते. पाने चढू शकत नाहीत, कारण, दुन्या म्हणाली तसे, ती जड आहेत. ती तिथेच राहतात. किती सुंदर आहे पाहा! बाहेर फेकणाऱ्या त्याच फिरण्याने त्यांना मध्ये आणले.

हे मी रोज चार कपांत तपासून पाहतो. बारीक पाने नीट दिसत नाहीत, मोठी तोडलेली बरी. काल झार्को तराफा बांधून आला, थोडा वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, एवढी कडक जर्दाळूची राकिया बाटलीत रडतेय, आणि तुम्ही गवत ढवळताय?” मी त्याला दाबाचा नियम समजावला. तो उभ्याउभ्या झोपला.

याचा सावेशी काय संबंध, ते तुम्ही आल्यावर सांगेन. बाक मी फाटकाच्या आत घेतला आहे, तेव्हा पूर्वीच्या आकड्यांत प्रत्येकी अकरा पावले मिळवावीत.

तुझा मामा

•

ग्राझ, १४ जुलै १९८४

मामा,

काल रात्रीच्या जेवणाला मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तारेबद्दलचा भाग आला तेव्हा कागद ओझ्रेनकडे दिला, पुढचं त्याने वाचलं. चार कपांपर्यंत आला आणि थांबला.

“मामा चहा का पितायत?”

“कोडं घालतायत ना दुन्याला.”

“कोड्याला एक कप पुरतो. रोज चार? आजारी आहेत का?”

मी म्हटलं, काहीतरीच काय. तो म्हणाला, “नेवेना, तुझ्या घरी धडधाकट माणसाने शेवटचा चहा कधी प्यायला?”

मामा, मी अकरा वर्षं ग्राझमध्ये आहे. इथे सकाळी पाव आणि चहा असतो, सगळेच पितात, मीही पिते. आपल्याकडे चहा फक्त आजारपणात पितात, हे मी पार विसरून गेले होते. आपल्या घरात चहाचा वास आला की त्याच्यामागून काय काय यायचं: गळ्याभोवती गुंडाळलेला लोकरीचा मोजा, छातीला राकियाचं मालिश, आणि आई ओरडतेय, “खिडकी लाव, वाऱ्याचा झोत लागेल पोरीला!” ताप उतरला की कप फडताळात वर जायचा आणि पुन्हा कॉफी. कुणी उगाच चहा मागितला तर मामी कपाळाला हात लावून बघायची. तू दोन पत्रं भरून माझ्यासमोर चहा ढवळलास आणि मी त्यात नियम शोधत बसले!

मग पेन्सिल घेऊन दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. डांबर तीन दिवसांत वाळतं. हे तूच मला शिकवलंस. तुझं जूनपासून ऑगस्टपर्यंत वाळतंय. सगळी ठिकाणं बाकापासून चाळीस पावलांच्या आत, आणि आता बाकसुद्धा घराजवळ आला. दुन्याला खांद्यावर ओझ्रेनने घ्यायचं, तू नाही. झार्को राकिया देतो आणि तू घेत नाहीस. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तू एप्रिलच्या पहिल्या रविवारी अक्रोडाच्या खोडापासून काठापर्यंत मोजतोस, आणि दरवर्षी मला आकडा कळवतोस, अगदी आपण एकमेकांना पत्र लिहीत नव्हतो तेव्हासुद्धा नुसता आकडा लिहिलेलं कार्ड यायचं. या वर्षी आलं नाही. पावलं मोजून कळवणाऱ्या माणसाने तो आकडा कसा विसरावा?

मला वाटलं तू रागावलायस. मूर्ख आहे मी. रागावलेल्या माणसाने जेवताना बांधायच्या रुमालाचा विचार केला असता का?

आम्ही चार ऑगस्टला येत नाही. एकवीस जुलैला येतोय. ग्रीस रद्द. दोन आठवडे राहणार. दुन्याने समुद्रासाठी घेतलेली फुगवायची मगर सावेत चालेल का, एवढंच तिने विचारलंय.

तोवर खरं काय ते लिही. नाहीतर मिलुंकाला लिहायला सांग.

नेवेना

•

तोपोल्ये, १८ जुलै १९८४

नेवेना बाळा,

मी मिलुंका. मास्तरांनी मला लिहू नकोस म्हणून बजावलं होतं. आता म्हणतात, “लिही, पण अतिशयोक्ती करू नकोस.” समोरच बसलेत, वाचून दाखवावं लागणार, म्हणून खरं तेवढंच लिहिते.

मार्चमध्ये मास्तर बांधाच्या पायऱ्यांवर पडले. मोजायची दोरी हातात होती, एप्रिलची तयारी. झार्कोने उचलून आणलं. हृदय. जिल्ह्याच्या इस्पितळात सोळा दिवस होते. डॉक्टरने सांगितलं, वल्ही नाही, पायऱ्या नाही, राकिया नाही, चाळीस पावलं चालायचं आणि बसायचं. गोळ्या घेतात, आणि वर काटेरी झुडपाच्या पानाफुलांचा चहा, छातीसाठी, चार वेळा. तो माझा हट्ट. चव अजिबात आवडत नाही म्हणून ढवळत बसतात आणि गार झाल्यावर माझ्या जिरेनियमला घालतात. (हे वाचून दाखवलं नाही.)

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा दोन दिवस अंगणात काठी टेकत फिरत होते. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, “तिला एक दिवस आहे, मिलुंका. तो माझ्या उशापाशी गेला तर तिने पाहिलं काय?” म्हणून प्रत्येक जागेची पावलं मोजली, म्हणजे तुम्ही हिंडाल आणि ते कुठूनही तुम्हाला दिसतील. होडी उत्तम आहे, ताडपत्रीखाली. मीच झाकते.

येताना काही आणू नका. बरं, कॉफी आणा, इथे पुन्हा रांगा आहेत. मास्तरांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

मिलुंका

•

तोपोल्ये, २० ऑगस्ट १९८४

प्रिय दुन्या,

हे पत्र तुला आहे. आईने वाचायचे असेल तर तिने तुझी परवानगी घ्यावी.

तुझी मगर झार्कोने तराफ्याच्या पुढच्या टोकाला बांधली आहे. तो लोकांना सांगतो, हेच ते इंजिन.

तुम्ही गेल्यावर मी आपल्या नोंदवहीत त्या दिवसाची हकीकत लिहिली, कारण जे नीट लिहिले जात नाही त्याबद्दल पुढे वाद होतात. दिनांक २९ जुलै, सकाळ, वारा नाही. होडीत चौघे. वल्ह्यांवर तुझी आई. मागच्या फळीवर, उशीला टेकून, मी. काहीही न करण्याच्या अटीवर. पहिल्या दहा मिनिटांत होडी तीनदा स्वतःभोवती फिरली. तुझे बाबा म्हणाले, “आपण वाळूवर चाललोय की कपात ढवळले जातोय?” मी गप्प राहण्याचा प्रयत्न केला. मग अट मोडली. “डावं, नेवेना, डावं! नदीशी भांडू नकोस!” ती ओरडली, “मग तूच विचार ना तिला!” आणि वल्ही सोडून रडू लागली, आणि हसू लागली. होडी तेवढ्यात पन्नास मीटर खाली वाहत गेली. झार्को तराफ्यावरून ओरडला, “मास्तर, ग्रीस उजवीकडे!” तुझ्या आईने डोळे पुसले, मामीने जपलेली निळी टोपी नीट केली आणि डावे वल्हे धरले. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. मला वाळूवर उतरवताना तुझ्या बाबांनी मला उचलले. ते नोंदवहीत लिहिलेले नाही.

आता तुला देणे लागतो ते उरलेले उत्तर. सावा तोपोल्येपाशी वळते, आणि वळणारी नदी म्हणजे ढवळलेला कप. आपले गाव वळणाच्या बाहेरच्या काठावर आहे. वरचे वेगवान पाणी आपल्या काठावर आदळते, त्याला खणते. तळाचे मंद पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे सरकते, पानांसारखेच. म्हणून आपला काठ दरवर्षी थोडा जातो आणि वाळू दरवर्षी थोडी वाढते. ज्या वाळूचा तू किल्ला बांधलास, ती कधीतरी वरच्या एखाद्या वळणावर कुणाच्या तरी अंगणाची माती होती. तुझी आई सात वर्षांची असताना अक्रोडापासून काठ एकतीस मीटर होता. गेल्या वर्षी एकोणीस. या वर्षीची मोजणी दोरीचे दुसरे टोक धरून तू केलीस, जुलैत का होईना: साडेसतरा. तो आकडा मी तुझ्या नावाने वहीत घातला आहे. बाक बाहेर पुन्हा जुन्या जागी ठेवला आहे. घरापासूनची पावले वाढली, पण मध्ये बसायला मिलुंकाने एक खुर्ची ठेवली.

ग्राझला येण्याबद्दल मी तीनदा नाही म्हणालो होतो. तुझी आई म्हणाली, “मामा, आमच्याकडेही नदी आहे.” मी म्हणालो, “तुमच्या नदीला सरळ करून टाकले आहे, तिच्यात पाहण्यासारखे काय?” त्यावर तू म्हणालीस, “मग तिला का सरळ केलं ते मला कोण सांगणार?” तेव्हा नोव्हेंबरमध्ये येतो. तिथल्या डॉक्टरलाही दाखवतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मात्र आपण सर्वांनी अक्रोडाखाली असले पाहिजे. मोजणी दोन माणसांची असते.

तोवर माझे म्हणणे केवळ मी म्हणतो म्हणून मानू नकोस. एक रुंद, पांढरा कप घे. त्यात पाणी भर आणि चिमूटभर मोठी पाने टाक. ती बुडेपर्यंत थांब. चमच्याने एकाच दिशेने दहा वेळा ढवळ, चमचा काढ आणि हात टेबलाखाली ठेव. आधी पाने सैरावैरा धावतील, काही कडेलाही जातील. घाबरू नकोस, कप हलवू नकोस. पाणी जसजसे शांत होईल तसतशी ती एकेक करून कुठे येतात, ते पाहा.

आईने स्वयंपाकघरातून विचारले, “चहा कशाला? कोण आजारी आहे?” तर सांग, कुणी नाही. आम्ही सावा पाहतो आहोत.

तुझा आजोबा
स्वेतोझार